पाच तारे नक्की कशाला?

त्र्यंबकेश्वराच्या मंदिरातून बाहेर पडणारा माणूस आत शिरताना होता तसा राहिलेला नसतो. दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहून पाय भरून आलेले असतात, श्रावण असेल तर कपडेही ओले असतात. पण गाभाऱ्यातल्या खळग्यात असलेल्या ब्रह्मा, विष्णू, महेश या तीन अंगुष्ठमात्र लिंगांचे क्षणभर दर्शन झालेले असते आणि चेहरा निवलेला असतो. समजा, नेमक्या त्याच वेळी त्याच्या मोबाइलवर संदेश आला : ‘ऑनलाइन पासची सेवा कशी वाटली? एक ते पाच तारे द्या.’ तो बहुधा पाचही तारे देईल. नोंदणी करताना ओटीपी दोनदा मागवावा लागला होता, ओळखपत्राचा फोटो चढत नव्हता, शेवटी भाच्याने ते काम करून दिले होते, यातले काहीच त्याला त्या घटकेला आठवणार नाही. मग त्या पाच ताऱ्यांत संगणकाचा वाटा किती आणि महादेवाचा किती?

प्रश्न गंभीर आहे. अशा ताऱ्यांची सरासरी निघते, सरासरीचा अहवाल होतो आणि अहवालावरून ‘लोक समाधानी आहेत’ असा निष्कर्ष काढला जातो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले होते. शरीरयष्टीला चांगले गुण मिळालेल्या माणसाला बुद्धीचे आणि नेतृत्वाचे गुणही चांगलेच मिळालेले दिसले. एका गोष्टीचे तेज दुसरीवर पडते आणि गुण देणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मंदिराच्या दारात ॲपबद्दल विचारले, तर देवदर्शनाचे तेज ॲपवर पडणारच.

संगणकप्रणालीबद्दल लोक किती समाधानी आहेत, हे मोजण्याचे शास्त्र तसे तरुण आहे. १९८३ साली जेम्स बेली आणि सॅमी पिअर्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी त्याची पहिली मोठी मोजपट्टी तयार केली. माणूस संगणकाविषयी खूश किंवा नाखूश कशामुळे होतो याचे ३९ घटक त्यांनी नोंदवले : माहिती वेळेवर मिळते का, ती खरी असते का, संगणक विभागातले लोक नीट बोलतात का, काम आपल्या हातात आहे असे वाटते का, वगैरे. आठ संस्थांमधल्या ३२ मधल्या फळीच्या व्यवस्थापकांकडून त्यांनी ही यादी पारखून घेतली. त्याच वर्षी ब्लेक आइव्ज, मार्ग्रेथ ओल्सन आणि जॅक बरूडी यांनी ती आटोपशीर केली. हे शास्त्र जन्मले व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळी संगणक वेगळ्या थंड खोलीत असे, तो चालवणारे वेगळे असत आणि व्यवस्थापकाच्या टेबलावर फक्त छापील कागदांचा गठ्ठा येऊन पडे. ‘वापरकर्ता’ म्हणजे तो कागद वाचणारा साहेब. त्याला पगार होता, अधिकार होता, आणि पसंत पडले नाही तर ओरडण्याची सोयही होती.

पुढे संगणक टेबलावर आला. माणूस स्वतःच कळा दाबू लागला. १९८८ साली विल्यम डॉल आणि घोलामरझा तोरकझादे यांनी अशा वापरकर्त्यांसाठी नवी पट्टी बनवली. ४४ संस्थांमधल्या ६१८ जणांच्या उत्तरांवरून त्यांनी बारा प्रश्न निवडले आणि ते पाच कसोट्यांत बसवले : आशय, अचूकता, मांडणी, सुलभता आणि वेळेवर मिळणे. आजही जगभरचे संशोधक ही पट्टी वापरतात, आणि ती वापरावी अशीच आहे.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याचा सातबारा या पाच कसोट्यांवर घासून पाहा. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ सालच्या महाराष्ट्र दिनापासून मिळू लागला. तलाठ्याची गाठ पडण्याची वाट पाहण्यातून मोठी सुटका झाली, हे मान्यच केले पाहिजे. पण हरसूलकडच्या माणसाला तो उतारा हवा असतो तो पीककर्जाची मुदत संपण्याआधी, म्हणजे वेळेची कसोटी. त्यावर आजोबांचे नाव अजून तसेच आहे की वारसांची नोंद झाली, ही आशयाची. नावातली एक वेलांटी चुकली आणि आधार कार्डावरचे नाव जुळेना, ही अचूकतेची. पाचांपैकी चार कसोट्यांत पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि अचूकतेत शून्य मिळाले, तर सरासरी चांगली दिसते. कर्ज मात्र मिळत नाही. समाधानाच्या आकड्यांची सरासरी काढताना ही गोष्ट हमखास निसटते.

त्र्यंबकमध्ये याहून कितीतरी जुनी एक माहितीप्रणाली आहे. इथल्या तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या नामावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या आहेत. आलेल्या माणसाला गुरुजी विचारतात, मूळ गाव कोणते, आडनाव काय. तेवढ्यावर योग्य ती वही निघते आणि पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होते, याची नोंद समोर येते, पुष्कळदा त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरासह. मग आलेला माणूस आपले नाव आणि मुलाबाळांची नावे लिहून खाली सही करतो. डॉल आणि तोरकझादे यांच्या पाचही कसोट्यांवर ही वही उतरते, आणि याचे कारण भाविकता नव्हे. वही माणसाला जे दोन प्रश्न विचारते, त्यांची उत्तरे प्रत्येकाला तोंडपाठ असतात. नोंद खरी आहे की खोटी, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पडताळू शकतो. आणि वही अडली तर समोर माणूस असतो. आपली बहुतेक पोर्टले याच्या उलट वागतात. वर्षभरापूर्वी ठेवलेला पासवर्ड, वेडीवाकडी अक्षरे ओळखून भरण्याची चौकट, ठरावीक आकारात बसवलेली फाइल, असे सगळे ती मागतात. यातले काहीच गावाकडच्या माणसाच्या रोजच्या जगण्यातले नाही. नव्या प्रणाली रचणाऱ्यांनी या वह्यांची रीत एकदा तरी जवळून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

मोजमापाकडे परत येतो. आज जगात सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पट्ट्यांपैकी एक आहे ती जॉन ब्रुक यांची. इंग्लंडमध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत काम करताना १९८६ साली त्यांनी घाईच्या कामासाठी दहा विधाने लिहून काढली. ती रीतसर छापून आली १९९६ मध्ये. ‘ही प्रणाली मला वारंवार वापरावीशी वाटेल’, ‘ती विनाकारण गुंतागुंतीची आहे’, ‘ती वापरायला मला जाणकाराची मदत लागेल’ अशा धाटणीची ही विधाने आहेत आणि प्रत्येकापुढे ‘अजिबात पटत नाही’पासून ‘पूर्ण पटते’पर्यंत एक ते पाच आकडे. विषम क्रमांकाची विधाने स्तुतीची, सम क्रमांकाची तक्रारीची. स्तुतीच्या विधानाला दिलेल्या आकड्यातून एक वजा करायचा, तक्रारीच्या विधानाला दिलेला आकडा पाचातून वजा करायचा, सगळ्याची बेरीज करून तिला अडीचने गुणायचे. शून्य ते शंभर यांमध्ये गुण मिळतात. नंतरच्या शेकडो अभ्यासांचे गुण एकत्र केल्यावर सरासरी ६८च्या आसपास आढळली. म्हणून ६८च्या वर बरे आणि खाली वाईट, असा ढोबळ संकेत पडला. ही शंभरपैकी टक्केवारी नव्हे, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. साठ गुणांना आपण शाळेच्या सवयीने प्रथम श्रेणी म्हणू, पण इथे तो सरासरीहून खालचा आकडा आहे.

स्तुती आणि तक्रार आलटून पालटून ठेवण्यात ब्रुक यांचा मोठा शहाणपणा होता. समोरच्याच्या ‘हो’ला ‘हो’ म्हणत जाण्याची माणसाची प्रवृत्ती असते. सगळीच विधाने गोड असतील, तर वाचण्याआधीच ‘हो’वर खूण केली जाते. तक्रारीचे विधान आले की माणूस थांबतो. आपल्याकडच्या अभिप्रायाच्या कागदांवर मात्र ‘सेवा कशी वाटली : उत्तम, चांगली, समाधानकारक’ असे तीनच पर्याय मी पाहिले आहेत. ‘वाईट’ला जागाच नसेल, तर वाईट म्हणणारा कुठे खूण करणार?

आता खरा प्रश्न : विचारायचे कोणाला? याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडते, आणि ते कोल्हापूरच्या वारणानगरात. वारणा सहकारी समूहाच्या परिसरातली सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूहाने मिळून सुरू केला. गावोगावी मिळून ५४ केंद्रे उघडली गेली. इंटरनेटवरून बाजारभाव, शेतीचा सल्ला, शिक्षण, सरकारी दाखले असे सगळे शेतकऱ्याच्या दारात येईल, अशी ती कल्पना होती. देशातल्या पहिल्या अशा प्रयोगांपैकी हा एक, म्हणून त्याचे भरपूर कौतुक झाले. काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा हे संशोधक तिथे गेले. त्यांनी आधी प्रश्नावली पुढे केली नाही. केंद्रात बसून रोज प्रत्यक्ष काय चालते ते पाहिले. संगणकांचा वापर होत होता तो साखर कारखान्याच्या हिशेबासाठी : किती ऊस गेला, तोड कधी मिळणार, किती खत उचलले, बिल किती निघाले. शेतकरी येऊन चौकशी करी, केंद्रचालक पडद्यावर पाहून सांगे.

मग त्यांनी उलटा विचार केला. एवढ्याच माहितीसाठी वीज मागणारा, सतत दुरुस्ती लागणारा संगणक हवा कशाला? तीच कामे साध्या मोबाइलच्या एसएमएसवर होतील की! सात गावांमध्ये आठ महिने त्यांनी हा प्रयोग चालवला. संगणकावर होणारी सगळी कामे एसएमएसवर झाली, खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांना ही पद्धत आधीच्या पद्धतीपेक्षा जास्त आवडली. नवे, चकचकीत, महागडे यंत्र काढून साधे यंत्र दिले आणि समाधान वाढले, असे सिद्ध करणारे संशोधन जगातही थोडेच असेल. ते आपल्या ऊसपट्ट्यात झाले आहे. त्याची जेवढी चर्चा मराठीत व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही, याचे मला वाईट वाटते.

वारणेच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. केंद्रावरचा संगणक ‘वापरत’ कोण होता? बोटे केंद्रचालकाची, गरज शेतकऱ्याची. ब्रुक यांची दहा विधाने यातल्या कोणाच्या हातात द्यायची? निथ्या सांबशिवन, एडवर्ड कट्रेल, केंटारो तोयामा आणि बॉनी नार्डी यांनी २०१० साली बंगळुरूच्या वस्त्यांमधल्या अभ्यासातून हाच मुद्दा मांडला. भारतासारख्या देशात यंत्र वापरले जाते ते दुसऱ्याच्या हातून. मुलगी आईसाठी फोन लावते, दुकानदार गिऱ्हाइकासाठी पैसे पाठवतो. ज्याचे काम होते त्याने कदाचित पडद्याला हातही लावलेला नसतो.

त्र्यंबकेश्वर तालुका आदिवासीबहुल आहे. इथल्या जातीच्या दाखल्याचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, घरकुलाची यादी, सगळे महा ई-सेवा केंद्रातल्या किंवा आश्रमशाळेतल्या कोणाच्या तरी हातून जाते. रेशनच्या दुकानात तर हे आणखी स्पष्ट दिसते. ई-पॉस यंत्राच्या कळा दुकानदार दाबतो आणि आजीबाई फक्त अंगठा ठेवतात. आयुष्यभर भातलावणी करून रेषा झिजलेला तो अंगठा यंत्राने ओळखला नाही, तर दुकानदार पुन्हा पुसून ठेवायला सांगतो, मग दुसरे बोट, मग ‘रेंज नाही, उद्या या’. त्या यंत्राबद्दल दुकानदार समाधानी असू शकतो, कारण त्याचा हिशेब आपोआप होतो. पुरवठा कार्यालय समाधानी असू शकते, कारण नोंद मुंबईपर्यंत दिसते. आजीबाईंचे काय? देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. आज आजीबाईंसारख्या माणसाची ओळख यंत्राला पटते की नाही यावर महिन्याचे धान्य ठरते. आजीबाईंना वगळून काढलेला समाधानाचा कोणताही आकडा मी मानायला तयार नाही.

जिथे वापर ऐच्छिक असतो, तिथे लोक वापरतात याचाच अर्थ त्यांना ते बरे वाटते असा काढता येतो. विल्यम डिलोन आणि एफ्रेम मॅक्लीन यांनी १९९२ मध्ये माहितीप्रणालीच्या यशाचे एक प्रारूप मांडले. त्यात वापर आणि समाधान हे दोन वेगळे घटक ठेवलेले आहेत. वापर सक्तीचा असेल तर त्याच्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. ‘इतक्या लाख लोकांनी ॲप उतरवून घेतले’ या वाक्यावर टाळ्या वाजवण्याआधी विचारावे, उतरवून घेतल्याशिवाय काम होत होते का?

विचारायचे कोणाला हे ठरले तरी विचारणारा कोण, हा प्रश्न उरतो. याविषयी माझ्या माहितीतला सर्वांत डोळे उघडणारा प्रयोग २०१२ सालचा आहे, आणि तोही बंगळुरूचाच. निकोला डेल, विद्या वैद्यनाथन, इंद्राणी मेधी, एडवर्ड कट्रेल आणि विल्यम थीस यांनी लोकांना दोन गोष्टी दाखवून कोणती जास्त आवडली ते विचारले. त्यातली एक आपण स्वतः बनवली आहे, असे विचारणारा सूचित करी. दोन्ही अगदी तंतोतंत सारख्या असतानाही लोकांनी विचारणाऱ्याची म्हणून दाखवलेली वस्तू पसंत करण्याचे प्रमाण अडीच पट निघाले. विचारणारा परदेशी असून दुभाष्यामार्फत बोलत असेल, तर तेच प्रमाण पाच पट झाले. संशोधकांनी आपल्या निबंधाच्या नावातच याचे सार सांगितले : ‘तुमचेच चांगले आहे!’

ही लबाडी नव्हे. दारात आलेल्या माणसाचे मन मोडू नये, ही आपल्याकडची रीत आहे. त्यातून तो पँट-शर्ट घातलेला, हातात टॅब घेतलेला, सरकारी गाडीतून उतरलेला असेल, तर ‘साहेब, चांगलं आहे’ याखेरीज दुसरे उत्तर वाड्यापाड्यावरचा माणूस का देईल? घरकुलाच्या यादीत नाव असते, ते कापले जाईल ही धास्ती वेगळीच. म्हणून ज्याने प्रणाली बनवली त्याने, किंवा ज्याच्या सहीने काम होते त्याने, समाधान विचारू नये. शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयाची मुले पाठवा, बचत गटाच्या ताई पाठवा, पण बनवणाऱ्याला किंवा सही करणाऱ्याला पाठवू नका.

कधी विचारायचे, याबद्दल डॅनियल काह्नमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवला. दुसऱ्या वेळी तेच मिनिटभर आणि त्यापुढे आणखी अर्धे मिनिट, ज्यात पाण्याचा गारवा अगदी थोडा, एका अंशाने, कमी केला होता. पुन्हा यातले कोणते कराल, असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबचे, म्हणजे एकूण जास्त त्रासाचे निवडले, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. आठवणीत राहतो तो सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट. संगणकाच्या बाबतीत हे दोन्ही बाजूंनी फसवते. ऑनलाइन पासचे सगळे टप्पे सुरळीत पार पडले आणि शेवटी खात्यातून पैसे गेले पण पास आला नाही, तर माणूस ती अख्खी सेवाच वाईट ठरवतो. उलट चार दिवस दमछाक झाली आणि शेवटी दर्शन छान झाले, तर सगळे माफ. दोन्ही उत्तरे खरी आहेत. पण अभियंत्याला दुरुस्त करायचा टप्पा त्यांतून कळत नाही. त्यासाठी माणूस प्रत्यक्ष नोंदणी करत असताना शेजारी शांत बसून पाहावे लागते. उपयोगसुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ९२४१चा अकरावा भाग, त्यानेही १९९८ पासून समाधानाला एकटे सोडलेले नाही. काम पुरे झाले का, किती श्रमात झाले आणि माणूस समाधानी आहे का, अशा तिन्ही गोष्टी ते एकत्र मागते.

आणि सर्वांत अवघड बाब आहे अपेक्षेची. अनोल भट्टाचार्जी यांनी २००१ साली ऑनलाइन बँकिंग वापरणाऱ्यांचा अभ्यास करून दाखवले की समाधान ठरते ते बऱ्याच अंशी आधी बाळगलेल्या अपेक्षेच्या तुलनेत काय मिळाले यावरून. मग ज्याची अपेक्षाच मारली गेली आहे, त्याचे काय? अमर्त्य सेन यांनी एक उदाहरण वारंवार दिले आहे. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ साली कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात केलेल्या पाहणीत प्रकृतीबद्दल विचारले, तेव्हा ४८.५ टक्के विधुर पुरुषांनी आपली प्रकृती वाईट किंवा जेमतेम असल्याचे सांगितले. विधवा स्त्रियांमध्ये असे सांगणाऱ्या होत्या अवघ्या २.५ टक्के. त्या स्त्रिया अधिक धडधाकट होत्या असे कोणी म्हणणार नाही. तक्रार करण्याजोगे आपल्याला काही असू शकते, हेच त्यांच्या मनाने सोडून दिले होते. नाशिक शहरातला अभियंता पान उघडायला दहा सेकंद लागली तरी एक तारा देतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या ठाणापाड्याहून दोन वेळा एसटीने हेलपाटा घालून दाखला मिळवलेली बाई ‘मिळाला बाई एकदाचा’ म्हणत पाच तारे देते. या दोन आकड्यांची सरासरी काढणे हा माझ्या मते अन्याय आहे, मग गणित कितीही बरोबर असो.

याचा अर्थ लोकांना विचारूच नये असा मुळीच नाही. नीट विचारले तर केवढा उपयोग होतो, हे अविभाजित आंध्र प्रदेशाने दाखवले आहे. रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन बायोमेट्रिक स्मार्टकार्डावरून देण्याची योजना तिथे सुरू झाली, तेव्हा कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी आठ जिल्ह्यांतल्या १५८ मंडलांमध्ये योजना आधी कुठे आणि नंतर कुठे सुरू करायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून घेतले. मग स्वतंत्र पाहणी करणारे घरोघरी गेले. पैसे लवकर आणि ठरल्या वेळी मिळू लागले होते, गळती कमी झाली होती, आणि लाभार्थ्यांपैकी फार मोठ्या बहुसंख्येने नवी पद्धत पसंत केली. राजधानीत ऐकू येत होता तो तक्रारीचा सूर, कारण जुन्या पद्धतीत ज्यांचे हात ओले होत होते ते मोठ्याने बोलत होते. समाधानी मजूर गावोगाव विखुरलेले होते, त्यांचा आवाज पोहोचला तो या पाहणीतून. पाहणी प्रामाणिक असेल तर ती वाईट व्यवस्था उघडी पाडते, तशी चांगली व्यवस्था वाचवतेही.

हे सगळे आत्ता सांगण्याचे कारण सिंहस्थ कुंभमेळा. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला नाशिकमध्ये चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे गेली. त्या आठवणीतून २०१५ च्या सिंहस्थाआधी मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ हा तंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू झाला. नाशिकची मुले त्यात हिरिरीने उतरली. निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी ‘अशिओतो’ नावाची चटई बनवली. तिच्यावरून माणसे गेली की दाबावरून पावले मोजली जात आणि कुठल्या वाटेवर किती गर्दी वाहते आहे हे व्यवस्थेला तत्काळ कळे. या कामाचा मला अभिमान आहे. त्या चटईवरून गेलेल्या भाविकांना आपण एखादी संगणकप्रणाली वापरली याची कल्पनाही नसेल. त्यांना कोणी तारे मागितले नाहीत. ते सुखरूप घरी पोहोचले, हेच तिचे मोजमाप. काही प्रणालींच्या बाबतीत लोकांना विचारण्यापेक्षा परिणाम मोजणे जास्त खरे असते, हे यातून शिकण्यासारखे आहे.

पुढच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी ठरले आहे. पास, वाहनतळ, हरवलेली माणसे, आरोग्य, बस अशा प्रत्येक कामासाठी ॲप आणि पोर्टल असणार. त्यांच्या कर्त्यांना माझी विनंती आहे. अर्ज भरायला सुरुवात करून मध्येच सोडून गेलेल्यांचा आकडा तुमच्या सर्व्हरवर आपोआप नोंदलेला असतो, तो जाहीर करा. त्यांतल्या काहींना आठ-दहा दिवसांनी फोन करून कुठे अडले ते विचारा. त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडात स्नान करून निघालेल्या माणसाला तारे मागू नका. तो घरी गेल्यावर मागा. स्मार्टफोन नसलेला माणूस कसा आला, कोणी मदत केली, किती पैसे घेतले, हे त्याच्या भाषेत, त्याच्या ओळखीच्या माणसाकरवी विचारा. हरसूल आणि ठाणापाड्याचे उत्तर पुण्या-मुंबईच्या उत्तरात मिसळू नका, वेगळे छापा. आणि अभिप्रायाच्या कागदावर ‘वाईट’ला जागा ठेवा.

वाचकांनाही एक सांगणे आहे. यापुढे कोणत्याही सरकारी किंवा देवस्थानाच्या ॲपने तारे मागितले, तर तारे द्या, पण खालच्या चौकटीत एक ओळ नक्की लिहा : कोणत्या पडद्यावर अडलो आणि पुढे कोणाच्या मदतीने गेलो. दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताला काम देते ती हीच ओळ.